चिंचपाड्यापर्यंतची ट्रायल

हिलालला एक खोड होती आणि ती साऱ्या लोणखेड्याला ठाऊक होती. पेट्रोलचा काटा दुरुस्त केला की तो गाडी लगेच परत देत नसे. हॉर्न वाजला की हॉर्नचं काम संपलं, दिवा लागला की दिव्याचं संपलं, पण काट्याचं तसं नाही, असं त्याचं म्हणणं. काटा वर चढलेला कोणीही दाखवील, टाकीत पेट्रोल ओतलं की झालं. खरा काटा तो उतरताना कळतो. म्हणून गाडी चालवून, पेट्रोल जाळून, काटा स्वतःच्या डोळ्यांनी खाली आलेला बघितल्याशिवाय तो किल्ली हातावर ठेवत नसे. गिऱ्हाईक वैतागायचं, चार शब्द सुनवायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याकडेच यायचं. दुसरा वायरिंगवाला शहाद्यात होता, आणि तो फोन उचलत नसे.

दुकानाच्या मागेच हिलालचं दोन खोल्यांचं घर होतं. वाटणीचं शेत धाकटा भाऊ कसायचा, त्यामुळे शेताची कटकट नव्हती. घरातली कटकटही नव्हती, कारण घरात कोणी नव्हतं. बायको शीला चिंचपाड्याला मुलाकडे राहत होती. मुलगा हेमकांत तिथे औषधांच्या दुकानात कामाला, सून रूपाली नर्स. सुनेचं बाळंतपण काढायला म्हणून शीला गेली, ती तिकडेच राहिली. भांडण झालं नव्हतं. कोणी आडून आडून विचारलं तर हिलाल हेच सांगायचा आणि ते खरंही होतं. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

झालं होतं ते असं. या भागात बाई एका घरून दुसऱ्या घरी आपली आपण निघत नाही, तिला न्यायला माणूस यावा लागतो. त्याला मूळ लावणं म्हणतात. माहेरी न्यायचं तर भाऊ जातो, परत आणायचं तर नवरा किंवा दीर. चिंचपाड्याला जाताना शीला सहज बोलावं तसं बोलली होती, “आखाजीले माले लेवाले या.” आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशातल्या बायकांना तिच्यापुढे दिवाळीसुद्धा फिकी वाटते. हिलालला हसू आलं होतं.

“केस पिकी गयात तुन्हा,” तो म्हणाला होता. “तुले काय लेवाले येऊ? शहादानी यष्टी तुले माहीत नही का?”

आखाजी आली, शीला आली नाही. हिलालने फोनवर सांगितलं की दार काही बंद नाही, कधीही ये. ती म्हणाली, “देखसू.” पुढच्या आखाजीलाही असंच झालं, त्याच्या पुढच्या आखाजीलाही तसंच. तिने पुन्हा ‘न्यायला या’ म्हणून तोंडातून ब्र काढला नाही आणि हिलाल आपला हेका सोडायला तयार नव्हता. आपलं घर, आपलं दार, त्याचं तिला आमंत्रण कसलं द्यायचं, असं त्याला वाटायचं. तिला काय वाटतं हे त्याने कधी विचारलं नाही. अडीच तासांच्या रस्त्यावर दोन म्हातारी होत चाललेली माणसं एकमेकांची वाट बघत बसली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की उठायची पाळी समोरच्याची आहे.

रोज संध्याकाळी फोन मात्र व्हायचा. “जेवनात का?” “जेवनू. तू?” “आते बससू.” मग नातवाचं थोडं, उन्हाचं थोडं, आणि फोन बंद. फोन बंद झाला की घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. हिलाल कढईतच खिचडी खायचा. एकट्यासाठी ताट कशाला विसळायचं? झोपताना रेडिओ चालू ठेवायचा, गाण्यासाठी नव्हे, कोणीतरी बोलत असावं म्हणून. शीलाची त्याला आठवण यायची. सरळ सांगायचं तर फार यायची, पण हे सांगायला त्याला कोणी नव्हतं, आणि जिला सांगायचं तिला तो उन्हाचं सांगत बसायचा.

यंदा आखाजी तोंडावर आली असताना केवलशेठ आपली जुनी पांढरी गाडी घेऊन दुकानाशी आले. केवलचंद शेठ म्हणजे शहाद्यातले कापडवाले. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन दुकान मांडलं होतं. मारवाडी बोली घरात, बाहेर मात्र ते गावकऱ्यांसारखीच अहिराणी बोलायचे. गाडीतून उतरले तेच कपाळ पुसत.

“हिलालभाऊ, हाऊ काटा अर्धावरथून हालसच नही,” ते म्हणाले. “काल अर्धी टाकी दखाडे आनि प्रकाशा गावना पूलवर गाडी बंद पडनी. कोरडी ठाक. उन्हमा तासभर उभा व्हतू.”

“अर्धावरच थांबस? कधी वर, कधी खाले, असं नही?”

“नही. दोन महिना व्हयनात, जागचा हालना नही.”

हिलालने त्यांना सावलीला बसवलं आणि चावी फिरवली. इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा शेजारीच होता, तो नीट उठला. म्हणजे फ्यूज शाबूत, मीटरला करंट येत होता. पेट्रोलचा काटा मात्र मध्यावर जाऊन बसला, गाडीत दोन बाटल्या पेट्रोल असताना. मग त्याने मागची सीट उचलली. सीटखाली पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली टाकीचं तोंड आणि तारांची क्लिप. त्याने काट्याकडे जाणारी तार क्लिपमधून सोडवली आणि शेठना हाक मारली.

“काटा देखा बरं.”

“पडना,” शेठ पुढून म्हणाले. “पार तळले गया.”

हिलालने तीच तार एका लहान बल्बमधून गाडीच्या पत्र्याला टेकवली. थेट टेकवली तर मीटर जळायची भीती, म्हणून मध्ये बल्ब.

“आते?”

“चढना. भरेल दखाडस.”

म्हणजे काटा निर्दोष, तारही निर्दोष. खोट टाकीच्या आत होती. टाकीत एक तरंगता गोळा असतो, फ्लोट. पेट्रोल कमी-जास्त झालं की तो खाली-वर होतो, त्याच्या दांडीला जोडलेलं पितळी बोट एका पट्टीवरून सरकतं आणि ते जिथे असेल तिथला निरोप तारेतून काट्याला जातो. एवढंच सारं यंत्र. हिलालने बॅटरीची तार काढली, पंखा बंद केला, शेठना बिडीवाल्या शेजाऱ्यापासून लांब बसायला सांगितलं आणि टाकीचं तोंड उघडून तो सगळा सांगाडा हळूच तिरका करत बाहेर काढला.

फ्लोटची दांडी मध्यावर आली की अडकत होती. पट्टी बघितल्यावर कारण कळलं. मधोमध तिच्यात खाच पडली होती आणि पितळी बोट त्या खाचेत रुतून बसलं होतं.

“शेठ, तुम्ही टाकी कधी फुल करतस का?”

“काबर करू? थोडं थोडं टाकस. अर्धावर ऱ्हास गाडी.”

“म्हनीसन. रोज त्याच जागावर घासायनी पट्टी.”

शेठ मान हलवत राहिले. नवा भाग मागवायचा तर नाशिकहून यायला आठवडा, आणि शेठना आखाजीआधी बहिणीकडे जायचं होतं. हिलालने पट्टी खोडरबराने पुसून लख्ख केली, चिमट्याने पितळी बोट जरासं वाकवलं, म्हणजे ते झिजलेली वाट सोडून शेजारच्या कोऱ्या पट्टीवरून चालेल. दांडी हाताने वर-खाली करून पाहिली, मोजायच्या यंत्रावर आकडे सरळ उतरत गेले. एवढ्याने काम संपायला हवं होतं, पण टाकीच्या तोंडाची रबरी रिंग पेट्रोल पिऊन फुगली होती. फुगलेली रिंग खोबणीत बसत नाही, तिला सावलीत सुकवून आकसू द्यावं लागतं. शेठ रिक्षाने परत गेले.

रिंग सुकेपर्यंत हिलाल दारात बसून राहिला. समोरच्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता. माहेरी आलेली एक लेकुरवाळी त्यावर बसून लहान मुलीसारखी पाय हलवत होती आणि तिची आई खालून ओरडत होती की उतर, पोर रडतंय. गल्लीतल्या घराघरांत कोणी ना कोणी आलेलं होतं. शीला असती तर आज आमरसाची तयारी, डाळीचं वाळवण, कोणाकोणाचं येणंजाणं. त्याने उठून रिंग पाहिली, अजून फुगलेलीच होती, आणि तो पुन्हा येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जोडून झाल्यावर त्याने शेठना फोन लावला आणि नेहमीचं सांगितलं, की अर्ध्याच्या वर पेट्रोल भरून गाडी लांब चालवू, तुम्हीही सोबत बसा, आणि काटा अर्ध्याखाली नीट उतरलेला मी बघितला की मगच काम संपलं समजेन.

“मी नही बसाव त्या गाडीमा,” शेठ म्हणाले. “माले पूल याद शे. पेट्रोल टाका आनि तुम्हीच चालवा. जठे जावानं तठे जा. काटा उतरना की गाडी आनी द्या.”

जिथे जायचं तिथे जा. हिलालने फोन ठेवला आणि तो किल्लीकडे बघत राहिला. मग त्याने दाढी केली. ट्रायलसाठी कोणी दाढी करत नाही, हे त्यालाही कळत होतं, पण केली. दुकानाचं शटर ओढलं आणि पाऊण टाकी करून निघाला.

प्रकाश्याचा पूल गेला, नंदुरबार गेलं. बाहेर मोकळ्या रानात उरलीसुरली मिरची लाल पसरलेली होती आणि काचा बंद असूनही नाकाला झोंबत होती. हिलालचा एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. खांडबाऱ्यापुढे मोहाची झाडं सुरू झाली. विसरवाडीच्या अलीकडे काटा बरोबर अर्ध्यावर आला. हिलालने वेग कमी केला, श्वास धरला. एका चढावर काटा जरा थबकल्यासारखा वाटला आणि मग अलगद रेघेच्या खाली उतरला. ट्रायल झाली होती. शेठचं काम संपलं होतं आणि गाडी इथून वळवायला हरकत नव्हती.

त्याने वळवली नाही. आता जे पेट्रोल जळत होतं ते त्याच्या स्वतःच्या कामासाठी होतं. ते काय काम आहे हेही त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात त्याने वाक्य तयार केलं होतं. हेमकांतनी माय, तुले लेवाले उनू. तुला न्यायला आलो, इतकंच. सोपं वाक्य. चिंचपाडा येईपर्यंत त्याने ते कितीदा तरी घोळवलं.

शीला ओट्यावर नातवाला भरवत होती. पांढरी गाडी दाराशी थांबली, तिच्यातून हिलाल उतरला, आणि तिच्या हातातला घास तसाच राहिला. ती उठली. आत जाऊन पायांवर घ्यायला तांब्याभर पाणी आणलं, खाट टाकली, पोराला त्याच्या मांडीवर दिलं. हेमकांत आणि रूपाली कामावर गेलेले. “जेवन करतस ना?” तिने विचारलं. तो हो म्हणाला आणि ती आत गेली.

बराच वेळ गेला. आत भांड्यांचा आवाज, मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज. शीला ताट घेऊन बाहेर आली तेव्हा तिने नवं जांभळं लुगडं नेसलं होतं, केस विंचरलेले, कपाळावर नीट कुंकू. दाराच्या आत, भिंतीशी एक भरलेली कापडी पिशवीही ठेवली होती. हिलालने ते सगळं पाहिलं आणि त्याला वाटलं, शेजारी कुठे कार्यक्रम असेल. इतका शहाणा माणूस, टाकी न उघडता खोट कुठे आहे ते सांगणारा.

ताटात डुबुकवड्यांची आमटी, भाकर, कैरीची फोड. तीन वर्षांनी तिच्या हातचं खाताना त्याचे डोळे भरून आले. त्याने आमटी तिखट झाल्याचं दाखवलं. शीला समोर उंबऱ्यावर बसली होती. त्याचं जेवण होत आलं तेव्हा तिने विचारलं, “आज कसं काय येनं व्हयनं?”

आता ते वाक्य म्हणायचं होतं. तयार होतं, ओठांवर होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई धान्य निवडत इकडेच बघत होती. हिलालला लाज वाटली.

“केवलशेठनी गाडी शे,” तो म्हणाला. “काटानी ट्रायल लेवाले निंघनू. आठे लगून उनू.”

“ट्रायल,” शीला म्हणाली.

“हां. अर्धावर अडकी जाये. आते उतरस.”

“बराबर उतरस?”

“बराबर.”

तिने ताट उचललं आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली ती वाटेसाठी पाण्याची बाटली घेऊन, आणि तेव्हा अंगावर रोजचं विटकं निळं लुगडं होतं. पिशवी भिंतीशी नव्हती. हिलालने बाटली घेतली, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, गाडीपर्यंत गेला, दाराला हात लावला. आणि तेव्हा कुठे त्याला कळलं की ते जांभळं लुगडं कशासाठी होतं.

तो परत दाराशी आला.

“हेमकांतनी माय, चाल.”

“कोठे?”

“घर. मी तुले लेवाले उनू.”

शीलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“लेवाले उनात का ट्रायलले उनात?” तिने हळूच विचारलं, शेजारणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. “तीन वरीस मी वाट देखी. आज गाडी थांबनी, तुम्ही उतरनात, माले वाटनं, उनात. मी लुगडं बी बदली लिधं.”

“माले आते समजनं.”

“दुसरानी गाडीना काटा देखाले निंघेल मानूस, जाता जाता बायकोले बी गाडीमा टाकी लेस. तशी मी येवाव नही. लेवाले येवानं व्हई, तं लेवालेच या.”

ती म्हणत होती ते खरं होतं. तो गाडीत बसला. वळताना आरशात दिसलं की शीला ओट्यावर उभी आहे, पोर कडेवर, आणि ती हात हलवत नाही, आतही जात नाही. परतीच्या रस्त्यावर हिलाल रडला. वयाने एवढा मोठा माणूस, खांडबाऱ्याच्या बाहेर गाडी कडेला लावून, रुमाल तोंडावर धरून रडला, आणि मग पाणी पिऊन पुढे निघाला.

संध्याकाळी शहाद्याला जाऊन त्याने किल्ली शेठच्या गल्ल्यावर ठेवली. काटा नीट उतरतो, आता पुलावर उभं राहायची वेळ येणार नाही, असं सांगितलं. मग म्हणाला की ट्रायल विसरवाडीलाच झाली होती, त्यापुढचं पेट्रोल माझं, ते मी भरलंय. शेठनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून जास्त विचारलं नाही. आखाजीसाठी कुठे जायचं असेल तर उद्या गाडी न्या, मी बहिणीकडे परवा जाईन, एवढं ते म्हणाले.

“नको शेठ,” हिलाल म्हणाला. “यष्टी शे.”

त्या दिवशी त्याने फोन केला नाही. शीलाचाही आला नाही. रेडिओ न लावता तो पडून राहिला.

सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तो शहाद्याच्या स्टँडवर उभा होता. नंदुरबारला उतरून नवापूरची गाडी पकडली. आखाजीच्या लोंढ्याने गाडी खचाखच भरलेली, बायका, पोरं, आंब्यांच्या पेट्या. एका म्हातारीने आपलं गाठोडं पायाशी ओढून त्याला बाकावर जागा करून दिली. गाडी गावाबाहेर पडल्यावर तिने विचारलं, “कोठे जाई ऱ्हायनात भाऊ?”

“चिंचपाडा.”

“दवाखानामा का? कोन आजारी शे?”

चिंचपाड्यात मोठा दवाखाना आहे, म्हणून तिथलं तिकीट काढणाऱ्याला सगळे हेच विचारतात. हो म्हटलं असतं तर चालून गेलं असतं, म्हातारीने हळहळ केली असती आणि गप्प बसली असती. पुढच्या बाकावरचे दोघंतिघं मान वळवून ऐकत होते.

“नही,” हिलाल म्हणाला, आणि गाडीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, “मन्ही बायको शे तठे. तिले लेवाले जाई ऱ्हायनू.”

म्हातारीने मान हलवली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. “मंग येतांना दोन जागा धरज्यात,” ती म्हणाली. “आखाजीनी गर्दी शे.”